थिजलेली बाटली

या वेळी फवारणी नाही, खत नाही, बाजारभाव नाही. मधाचं लिहायचंय. जरा लांबेल, रात्री निवांत वाचा.

परवा लातूरच्या मेहुण्यानं मधाची बाटली परत पाठवली. गावातला एक जण दवाखान्यासाठी लातूरला गेला होता, त्याच्याच हाती. वरून फोन, "दाजी, तुम्हाला गंडवलं बघा त्या पोरानं. निम्मी बाटली खाली साखर होऊन बसलीय." बाटली उजेडात धरून बघितली. खरंच खालचा मध रवाळ तुपासारखा थिजला होता, वर चार बोटं पातळ. मला राग आला नाही. कारण पस्तीस वर्षांपूर्वी हेच शब्द मी स्वतः एका माणसाला बोललो होतो, तेही भर बाजारात. ते पुढं येईलच. पण आधी मध आपल्या भागात कसा आला आणि कसा गेला ते सांगावं लागंल, नाहीतर त्या बाटलीचं कोडं सुटणार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या अहमदपूर तालुक्यात मध म्हणजे देवळीतली औषधाची बाटली. खोकल्याला अडुळशाच्या रसात, सणाला पंचामृतात, नाहीतर वैद्यानं दिलेलं चूर्ण चाटायला. वर्षाकाठी पावशेर लागला तर लागला. तो यायचा दारावर फिरणाऱ्या विकणाऱ्याकडून. जर्मनच्या बादलीत वर मोहळाचा तुकडा तरंगतोय, त्यावर चार मेलेल्या माशा, आणि "आत्ताच झाडून आणलंय माय" ही बोली. वरचं मोहळ खरं, खालचा गुळाचा पाक. आजी बोट बुडवून चाखायची आणि म्हणायची, "ह्यो काकवीचा भाऊ हाय." तरी घ्यायची, कारण दुसरा कुठं मिळत नव्हता. मध म्हणलं की फसवणूक, हे आमच्या डोक्यात मधाच्या चवीच्या आधीच बसलेलं.

खरा मध बघितला तो किनवटकडं. आत्याला तिकडं दिलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचो. सागाचं, मोहाचं रान, आणि उंच झाडांना, कड्यांना सुपाएवढी आग्या मोहळं लोंबलेली. कोलाम, गोंड, आंध माणसं अंधाऱ्या रात्री वर चढायची. गवताचा पेटता चूड मोहळाखाली धरायचा, ठिणग्या खाली पडल्या की माशा त्यांच्या मागं झेपावतात आणि आगीत पडतात. मग सगळं पोळं कापून खाली. त्यात मध असतो तशी अंडी आणि अळ्याही असतात. फडक्यात घालून पिळलं की सगळं एकत्र. असा मध लवकर आंबतो. पण त्या माणसाला ते पोळं म्हणजे दोन आठवड्यांचं मीठ-मिरची. व्यापारी ठरवेल तो भाव.

पुढं या पद्धतीवर वर्ध्यात काम झालं. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राच्या कामातून डॉ. गोपाल पालीवाल यांनी अंगभर जाळीचा पोशाख घालून, माशी न जाळता आग्याचा मध काढायची रीत बसवली. आग्या माशी मध पोळ्याच्या वरच्या एका टोकाला साठवते, पिल्लं खालच्या भागात. तेवढं वरचं टोक कापायचं, बाकीचं पोळं तसंच ठेवायचं. माशा उडून जात नाहीत, कापलेला भाग पुन्हा बांधतात, आणि त्याच मोहळातून परत मध मिळतो. ऐकायला सोपं वाटतं, पण हजारो वर्षं कुणी असं केलं नव्हतं. मध्य भारतातल्या दगडी गुहांच्या चित्रांतसुद्धा मोहळ काढणारा माणूस आहे आणि भोवती चवताळलेल्या माशा आहेत.

पेटीतल्या माशीचा इतिहास वेगळा. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात आलं की दोन पोळ्यांमध्ये दोन-तीन सूत जागा सोडली तर माशी ती मेणानं बुजवत नाही, जायला-यायला वाट म्हणून मोकळी ठेवते. बस्स, एवढ्या दोन-तीन सुतावर आजची सगळी मधपेटी उभी आहे. चौकट उचला, मध यंत्रात फिरवून काढा, रिकामं पोळं परत ठेवा. माशी मरत नाही, मेण वाया जात नाही. आपली देशी माशी अंगानं लहान, म्हणून १९१०च्या सुमारास तिरुचिरापल्लीकडं फादर न्यूटन यांनी तिच्या मापाची छोटी पेटी बनवली. १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, कुमारप्पांनी तो चालवला. तिथं मगनवाडीत घाणी, हातकागद यांच्या रांगेत मधमाशाही होत्या. १९४६ पासून महाबळेश्वरला मधाचं काम सुरू झालं, पुढं खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथंच झालं. १९६२ मध्ये पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली.

आता ही नावं बघा. वर्धा, महाबळेश्वर, पुणे. यात आम्ही कुठं होतो? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. किनवट तर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. ज्या काळात मुंबई प्रांतात सह्याद्रीतला शेतकरी जांभूळ-हिरड्याच्या रानात पेट्या ठेवायला शिकत होता, त्या काळात आम्ही दुसऱ्याच राज्याची प्रजा होतो. नंतर महाराष्ट्रात आलो तरी मध म्हणजे डोंगराचा धंदा हे डोक्यातून गेलं नाही. काळ्या रानात ज्वारी-कापसात कशाचा मध?

तो आला सूर्यफुलातून.

सूर्यफूल हे तेलबियांचं पीक म्हणून १९६९ मध्ये रशियातून आपल्या देशात आलं आणि १९७२ पासून शेतकऱ्यांच्या रानात पेरलं जाऊ लागलं. तेच दुष्काळाचं साल. तीन महिन्यांचं पीक, कुठल्याही हंगामात येतं, पाणी कमी लागतं. लातूरला तेलाच्या गिरण्या होत्याच, विद्यापीठाचं तेलबिया संशोधन केंद्रही लातूरलाच. १९८६ मध्ये केंद्र सरकारनं तेलबियांची मोहीम काढली. त्याच साली मी दहावी झालो आणि शाळेला राम राम ठोकून वावरात आलो. त्यानंतरची काही वर्षं म्हणजे एसटीतून लातूर-नांदेड जाताना दोन्ही बाजूंना पिवळं रान.

पण एक अडचण होती. सूर्यफुलाचं फूल बाहेरच्या कडेकडून आत उमलत जातं, आणि एकेका बारीक फुलात आधी पराग बाहेर येतो, मग दुसऱ्या दिवशी त्याची मादी तयार होते. स्वतःच्याच परागावर दाणा नीट धरत नाही, विशेषतः त्या काळच्या वाणात. मग मधोमध पोकळ दाणे. कृषी खात्याचा माणूस सांगायचा, सकाळी हाताला मलमलीचं फडकं गुंडाळा आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हात फिरवा, एक दिवसाआड. आमच्या आईनं आणि बहिणींनी हे केलंय. सकाळी आठ ते अकरा, मान वर करून, हात वर करून. दोन एकराला चार बाया, आणि संध्याकाळी सगळ्यांचे खांदे भरून यायचे. माशी हे फुकट करते हे त्याच पुस्तिकेत पुढच्या ओळीत लिहिलेलं असायचं, हेक्टरी पाच पेट्या ठेवा म्हणून. पेट्या कुणाकडं होत्या?

१९९१ च्या रब्बीत शेजारच्या तालुक्यातला एक माणूस आला. महाबळेश्वरला जाऊन शिकलेला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. देशी माशीच्या दहा पेट्या, दारं बंद करून, रात्री बैलगाडीत घालून आणलेल्या. वडलांना म्हणाला, बांधाला ठेवू द्या, भाडं देत नाही, मध देतो. वडील तयार नव्हते. "माशा रस पितेत, दाणं पोकळ राहतेत," असं गावात सगळेच म्हणायचे. तो म्हणाला, "मामा, माशी रस घ्यायली, दाणा नाही घ्यायली. काढणीला पेटीजवळचं फूल आन लांबचं फूल शेजारी ठिवून बघा." ठेवल्या. काढणीला वडलांनी खरंच दोन फुलं आणून ओट्यावर मोडली. पेटीजवळचं मधापर्यंत भरलेलं, लांबचं पोकळ. वडील काही बोलले नाहीत. बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्यानं कबूल केल्याप्रमाणं मध दिला, शिवाय मी चार बाटल्या विकायला म्हणून घेतल्या. शाळेतल्या गुरुजींना एक दिली. पौषातली थंडी. पंधरा दिवसांत बाटल्या थिजल्या. गुरुजींनी बाटली हातात आणून दिली आणि एवढंच म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी एकवीस वर्षांचा. तडक आठवडी बाजारात गेलो. तो माणूस पोत्यावर दहा-बारा बाटल्या मांडून बसला होता. मी त्याला साखरचोर म्हणालो. तो म्हणाला, "थंडीनं थिजलाय बाळा. उन्हात ठिव, पातळ होईल." मी म्हणालो, "तूप इकायलास का मध?" माणसं हसली. गर्दी जमली. त्या दिवशी त्याची एकही बाटली गेली नाही. पुढच्या रब्बीत पेट्या आल्या नाहीत. वडील एकदाच म्हणाले, "औंदा बायांची मजुरी काढून ठिव."

आता मध का थिजतो ते. मधात मुख्य दोन साखरा, द्राक्षशर्करा आणि फळशर्करा, बाकी पाणी. द्राक्षशर्करा जास्त असेल तर तिचे कण लवकर बांधतात. सूर्यफुलाच्या आणि मोहरीच्या मधात ती जास्त असते, म्हणून हे मध दोन-चार आठवड्यांतच थिजतात. काही रानमध वर्षभर पातळ राहतात. बारा-पंधरा अंशाची थंडी म्हणजे कण धरायला सगळ्यात सोयीची, आणि आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची रात्र नेमकी तशीच. त्यात भेसळ नाही. उलट साखरेचा कारखानी पाक असा बनवता येतो की जन्मात थिजणार नाही. म्हणजे आम्ही ज्या खुणेवरून खऱ्याला चोर ठरवलं, ती खूण खोट्यात नसतेच.

सूर्यफूल मग का गेलं? एक कारण नाही. १९९७ मध्ये कर्नाटकात त्याच्यावर नेक्रोसिस नावाचा विषाणूरोग दिसला आणि तो पुढं इकडंही पसरला. पोपटांचा त्रास होताच. परदेशी तेल स्वस्तात यायला लागलं. आणि सोयाबीन आलं. सोयाबीनचं मी वाईट बोलणार नाही, त्यानं आमच्या घराला पत्रे जाऊन स्लॅब आला. पण सोयाबीनचं फूल स्वतःच्या परागावरच दाणा धरतं, त्याला माशी लागत नाही. जी गोष्ट लागत नाही ती माणसाला दिसत नाही. पंचवीस वर्षं आम्ही माशी आहे की नाही हे बघितलंच नाही. फवारा मारताना वेळ कुणी बघितली? बांधाची बोर, बाभूळ तोडली, त्यातली काटी मोहळं गेली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच काळात, १९९१-९२ च्या सुमारास, दक्षिणेकडच्या राज्यांत देशी माशीच्या अळ्यांवर थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू येऊन लाखो पेट्या रिकाम्या झाल्या. पेटीवाल्यांपैकी पुष्कळांनी धंदा सोडला, बाकीचे मेलिफेरा या परदेशी माशीकडं वळले. ती माशी १९६२-६४ मध्ये हिमाचलमधल्या नगरोट्याला पंजाब कृषी विद्यापीठाच्या डॉ. अटवाल यांनी आपल्याकडं रुजवली होती. मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागं गावोगाव हिंडवावं लागतं.

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक दुकानातल्या चकचकीत बाटलीकडं गेलं, जी कधी थिजत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. आपल्या देशातल्या नेहमीच्या तपासणीत बहुतेक मोठे ब्रँड पास झाले. तेच नमुने जर्मनीत एनएमआर नावाच्या तपासणीला पाठवले तर १३ पैकी १० नापास. कंपन्यांनी ते मान्य केलं नाही, ते सांगणं माझं काम. पण जी भेसळ मोठ्या प्रयोगशाळेला सापडत नाही, ती आपल्या पाण्याच्या पेल्यात सापडंल का? पाण्यात थेंब तळाला बसतो, तसा घट्ट पाकाचाही बसतो. वात पेटते, पाकात बुडवलेलीही पेटते. मुंगी लागत नाही म्हणतात, आमच्या घरी तर खऱ्या मधाला मुंग्यांची रांग असते. कुत्रं खात नाही हे तर मला कुणीतरी समजावून सांगा.

मग घ्यायचा कसा? माझा अनुभव असा की बाटली तपासण्यापेक्षा माणूस आणि जागा तपासावी. पेट्या कुठं होत्या, कुठल्या फुलावर, कुठल्या महिन्यात काढला, हे विचारा. खरा पेटीवाला थांबवल्याशिवाय बोलायचा थांबत नाही. पोळ्याच्या घरांवर मेणाची झाकणं बसल्यावर मध काढला का, ते विचारा. माशी पंखानं वारा घालून पाणी उडवते आणि मध पक्का झाला की झाकण लावते. घाईनं झाकणाआधी काढलेला मध पातळ असतो, आंबतो, बाटलीचं बूच उडवतो. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत पाहिजे असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर द्राक्षवाले गोडी बघतात तसलाच असतो, फक्त आतली पट्टी वेगळी. आपल्या कृषी पदवीधर मित्रांनी एखादा गावात ठेवला तर बरीच भांडणं मिटतील. आणि थिजला तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, हात सहन करील इतक्याच. गॅसवर नको, वास आणि गुण दोन्ही जातात.

यंदा मी दोन एकर सूर्यफूल परत लावलं. किती वर्षांनी कोण जाणे. नांदेड जिल्ह्यातला एक पोरगा, बी.एस्सी. झालेला, मेलिफेराच्या वीस पेट्या घेऊन हिंडतो. त्याला घाऊक व्यापारी किलोला सव्वाशेच्या आत-बाहेर देतो, म्हणून तो गावात चारशेनं विकायला बघतो. सरकारचंही चाललंय. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, आता किनवट तालुक्यातलं भंडारवाडीही मधाच्या गावांच्या योजनेत निवडलंय. चांगलंच आहे. पण गाव मधाचं झालं तरी बाटली थिजल्यावर परत आली तर त्या पोराचं भागणार कसं? सव्वाशेत पेट्यांच्या गाडीभाड्याचाही मेळ बसत नाही.

मेहुण्याची बाटली आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या जुन्या माणसाकडं गेलो. पत्ता विचारत विचारत. सत्तरीच्या जवळ आलाय, नजर कमी झालीय, पण मला आवाजावरून ओळखलं. ओसरीत त्याचं मध काढायचं यंत्र होतं, पत्र्याचं पिंप, हँडल निघालेलं. त्यात सुनेनं ज्वारी भरून ठेवलीय. मी बाजारातल्या दिवसाचं काढलं. वाटलं, विसरला असेल. तो म्हणाला, "बाटल्या इकल्या नाहीत त्याचं काही नाही. घरी येऊन पोरांनी खाल्ला. पण तुझे वडील दुसऱ्या दिवशी आलते, माहीत हाय का? चारी बाटल्यांचे पैसे देऊन गेले." मला माहीत नव्हतं. वडील जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मी थिजलेली बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं झाकण काढून वास घेतला, बोटानं थोडा तोंडात घातला आणि विचारलं, "सूर्यफूल परत लावायलाव का तुम्ही?"

पेट्या सध्या आमच्या शेजारच्या करडईत आहेत, महिनाअखेरपर्यंत राहतील. शिवारातल्या मंडळींना विनंती, करडईवर मावा दिसतोय हे मलाही दिसतंय, पण फवारा मारायचाच असेल तर दिवस मावळल्यावर मारा आणि दुपारीच मला फोन करा, पोरगा पेट्यांची दारं बंद करील. गेल्या आठवड्यात कुणीतरी सकाळी नऊला मारला आणि तीन पेट्यांपुढं पसाभर माशा पडल्या. कुणी मारला ते विचारत नाही.

मध आहे. अर्ध्या किलोच्या चाळीसेक बाटल्या शिल्लक आहेत. सगळ्या थिजलेल्या.